उभ्या गाडीचा हिशेब

यंदाच्या पालकसभेत एक सूचना पुढे आली. शाळा सुटण्याच्या वेळी फाटकापाशी मोटारी, फटफट्या आणि रिक्षा यांची जी दाटी होते तिच्यावर उपाय म्हणून क्रीडांगणाची रस्त्याकडील एक पट्टी काढून तेथे वाहनतळ करावा व फाटक रुंद करावे, असे काही पालकांचे म्हणणे पडले. सूचना सद्‌हेतूने केलेली होती, याविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. सभेत आमचे मत विचारले गेले तेव्हा 'विचार करून सांगतो' एवढेच आम्ही म्हणालो. त्या विचारास एक संपूर्ण सत्र लागले. तो येथे मांडतो. कारण त्या पट्टीवर उभे असलेले तीन कडुलिंब आणि त्यांच्या सावलीत खो-खो खेळणारी मुले यांना सभेत मत देण्याचा अधिकार नव्हता.

आमचे मत प्रारंभीच सांगून टाकतो. पट्टी देऊ नये. आमच्या फाटकापाशी जागेची टंचाई नसून वेळेची दाटी आहे. आणि वेळेच्या दाटीवर जागेचे औषध दिल्यास रोग बरा तर होत नाहीच, उलट बळावतो.

फाटकापाशी घडते काय, ते आधी पाहू. सुटीची घंटा होण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे पहिली मोटार येऊन उभी राहते. आतील गृहस्थास उकडते, म्हणून वातानुकूलनाचे यंत्र चालू राहते, आणि ते चालू राहावे म्हणून इंजिनही चालू राहते. मागून दुसरी येते, तिसरी येते. फटफटीवाले मधल्या फटींत शिरतात व 'आता सुटेलच' म्हणून इंजिन बंद करीत नाहीत. (आम्ही स्वतः गेली कित्येक वर्षे असेच वागत आलो, हे कबूल करणे प्राप्त आहे. प्राचार्यांच्या खोलीत एक कागद द्यावयाचा म्हणून फटफटी फाटकापाशी धडधडत ठेवून आत जावे आणि दहा मिनिटे बोलत बसावे, हा आमचा नित्यक्रम होता.) मग घंटा होते, आणि पहिली-दुसरीची मुले त्या साऱ्या धुराड्यांच्या मधून वाट काढीत बाहेर पडतात. मोठ्या माणसाचे नाक जमिनीपासून पाच फुटांवर असते, लहान मुलाचे तीन फुटांवर. आणि गाडीचे धुराडे त्याहून खाली. शिवाय शरीराच्या वजनाच्या मानाने लहान मूल मोठ्या माणसापेक्षा अधिक हवा श्वासावाटे आत घेते. या तीन गोष्टी एकत्र केल्या की फाटकापाशी कोणाचे नुकसान अधिक होते, हे सांगण्यास वैद्य लागत नाही.

उभी गाडी इंधन किती जाळते? साधारण मोटारीचे इंजिन नुसते चालू ठेवल्यास तासाला सुमारे अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल जाते. वातानुकूलन चालू असल्यास त्याहून अधिक. या बदल्यात गाडी एक इंचही पुढे सरकत नाही. आता समजा, वीस मोटारी रोज बारा-बारा मिनिटे अशा उभ्या राहिल्या आणि प्रत्येकीचा खर्च तासाला ०.६ लिटर धरला, तर रोजचे २.४ लिटर होतात. आणि शाळेचे २२० दिवस धरल्यास वर्षाचे ५२८ लिटर. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड वायू निर्माण होतो. आठवीतील एका चतुर विद्यार्थ्याने आम्हांस विचारले की, एक लिटर पेट्रोलचे वजनच मुळी पाऊण किलो, तर त्यातून सव्वादोन किलोहून अधिक वायू येतो कोठून? प्रश्न उत्तम होता. पेट्रोलमधील कार्बन हवेतील प्राणवायूला आपल्याशी जोडून घेतो, आणि वजनाचा मोठा भाग त्या प्राणवायूचा असतो. तेव्हा आमच्या काल्पनिक वीस मोटारी वर्षाकाठी बाराशे किलोंच्या आसपास वायू सोडतात, तोही कोठेही न जाता.

कोणी म्हणेल की हल्लीच्या गाड्या धूर करीत नाहीत. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा ही कडक मर्यादा नव्या गाड्यांना लागू झाली आणि तिच्यायोगे काजळी व नायट्रोजनचे वायू पुष्कळ घटले, हे खरे आहे व स्वागतार्हही आहे. परंतु कार्बन डायऑक्साइड दिसत नाही म्हणून तो नाही असे नव्हे. लिटरमागे त्याचे प्रमाण जुन्या गाडीत जेवढे तेवढेच नव्यात. शिवाय फाटकापाशी येणाऱ्या सगळ्याच गाड्या २०२० नंतरच्या असतात काय? रिक्षांकडे एकवार पाहावे.

येथवर उभ्या गाडीविषयी झाले. पण थांबून पुन्हा निघणाऱ्या गाडीचा खर्च वेगळा असून तो आपल्या तालुक्यात विशेष जाणवतो. बरांज आणि माजरीकडील कोळशाचे ट्रक ज्यांनी रोज पाहिले आहेत त्यांना आम्ही काय म्हणतो ते चटकन उमगेल. नववीच्या विद्यार्थ्यांनी गतिज ऊर्जेचे सूत्र घोकले आहे: वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, त्याचे निम्मे. ते परीक्षेसाठीच असते असा बहुतेकांचा समज आहे. ते येथे लावून पाहू. भरलेला ट्रक ३० टनांचा व वेग ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर, असे धरले तर त्याच्या अंगी सुमारे ३४ लाख ज्यूल इतकी ऊर्जा असते. चालकाने ब्रेक दाबून गाडी थांबविली की ही सगळी ऊर्जा ब्रेकच्या उष्णतेत जाते. ती परत मिळत नाही. पुन्हा तोच वेग गाठावयाचा तर ती नव्याने डिझेलमधून काढावी लागते. डिझेलच्या एका लिटरात सुमारे ३६० लाख ज्यूल असतात, परंतु त्यांतील फार तर तीन-अष्टमांश भाग चाकांपर्यंत पोहोचतो. भागाकार केला म्हणजे उत्तर येते: एका थांब्यास सुमारे पाव लिटर डिझेल. हजार किलोंच्या मोटारीस हाच खर्च मोठ्या चमचाभर पेट्रोलचा पडतो.

पाव लिटर म्हणजे काही फार नव्हे, असे वाटेल. पण खाणीपासून कारखान्यापर्यंत किती चौक, किती गतिरोधक, किती नाके आणि किती रेल्वेची फाटके लागतात ते मोजावे. प्रत्येक ठिकाणी पूर्ण थांबावे लागत नाही, हे खरे. तथापि वेग निम्मा करावा लागला तरी वर्गाच्या नियमाने तीन-चतुर्थांश ऊर्जा गेलीच. म्हणून वाहतुकीची व्यवस्था हा केवळ शिस्तीचा प्रश्न नाही. तो इंधनाचाही आहे, आणि इंधनाचा आहे म्हणूनच हवेचाही आहे.

या बाबतीत आपल्या देशाने अलीकडे जे केले ते नमूद करण्याजोगे आहे. पूर्वी राज्याच्या सीमेवर व शहरांच्या वेशीवर जकातीचे व तपासणीचे नाके असत आणि तेथे ट्रकांच्या रांगा तासन्‌तास उभ्या राहत. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, मुंबईची जकात त्याच दिवशी संपली, आणि राज्यांच्या सीमांवरील कराचे नाकेही उठले. पुढे फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवरील पथकरासाठी फास्टॅग सक्तीचा झाला. त्यापूर्वी कलकत्त्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटने ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या कंपनीसह मालवाहतुकीची जी पाहणी केली होती तीत असे अनुमान काढले होते की, वाटेतील खोळंब्यामुळे देशाचे वर्षाला ६.६ अब्ज डॉलरचे नुकसान होते, आणि त्या खोळंब्यापायी जे जास्तीचे इंधन जळते त्याची किंमत १४.७ अब्ज डॉलर होते. म्हणजे वाया गेलेल्या वेळेपेक्षा वाया गेलेले इंधन दुपटीहून महाग! नाक्यावर उभ्या असलेल्या माणसास आपला वेळ गेल्याचे कळते, पण टाकीतून काय गेले ते कळत नाही.

पण इंधनाच्या पैशांहून अधिक बोलका एक पुरावा अमेरिकेतून आला आहे, आणि आम्हांस विचारास प्रवृत्त केले ते त्यानेच. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हानिया या राज्यांत पथकर घेण्यासाठी गाड्यांना नाक्यावर थांबावे लागे. तेथे ई-झीपास नावाची, आपल्या फास्टॅगसारखीच, न थांबता पैसे देण्याची सोय झाली. जेनेट करी आणि रीड वॉकर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०११ साली एक निबंध प्रसिद्ध केला. नाक्यापासून दोन किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मातांची बाळंतपणे त्यांनी पाहिली आणि त्याच रस्त्यालगत परंतु नाक्यापासून दूर राहणाऱ्या मातांशी ती ताडून पाहिली. रस्ता तोच, गाड्या त्याच, माणसेही बहुतांशी तशीच. फरक एवढाच की नाक्यावरील रांग नाहीशी झाली होती. जवळच्या मातांमध्ये अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे सुमारे ११ टक्क्यांनी आणि कमी वजनाची बालके सुमारे १२ टक्क्यांनी घटलेली आढळली. नाका उभारणाऱ्याच्या मनात पैसे गोळा करण्यापलीकडे काही नव्हते, आणि ई-झीपास आणणाऱ्याच्या मनात गाडीवाल्यांच्या सोयीपलीकडे काही नव्हते. पण शेजारच्या घरात जन्मणाऱ्या बालकाच्या वजनावर त्या रांगेचा भार पडत होता.

आमचे फाटक हाही एक नाकाच आहे. तेथे पैसे घेत नाहीत, इतकेच.

आता पालकांच्या सूचनेकडे वळू. कोणी म्हणेल, रांगेमुळे हानी होते हे तुम्हीच सिद्ध केलेत. मग फाटक रुंद करून रांग मोडण्यास विरोध कसा? शंका रास्त आहे. रांग दोन तऱ्हांनी मोडते: एक, गाड्यांना थांबण्याचे कारण काढून टाकल्याने, दुसरी, त्यांना उभे राहण्यास अधिक ऐसपैस जागा दिल्याने. पहिलीने इंधन वाचते. दुसरीने काही दिवस वाचते, आणि मग जी माणसे आजवर दाटीला भिऊन मुलाला चालत किंवा सायकलने पाठवीत होती तीही मोटार घेऊन येऊ लागतात. अँथनी डाउन्स या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६२ सालीच दाखवून दिले की, शहरातील जलद रस्ता कितीही रुंद केला तरी गर्दीच्या वेळी तो पुन्हा भरतो. डीट्रिख ब्राएस या जर्मन गणितज्ञाने तर १९६८ मध्ये याहून विलक्षण गोष्ट गणिताने सिद्ध केली: काही परिस्थितीत नवा रस्ता जोडल्याने सर्वांचाच प्रवास पूर्वीहून लांबतो. ते गणित येथे देत नाही. ज्यांना गोडी असेल त्यांनी मधल्या सुटीत यावे.

वेग वाढविला म्हणजेही इंधन वाचतेच असे नाही. डिसेंबर २०२२ मध्ये नागपुराहून शिर्डीपर्यंत समृद्धी महामार्ग खुला झाला आणि मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा मिळाली. नागपुरास जाऊन त्या मार्गाने प्रवास करून आलेले आमचे स्नेही वाचलेल्या तासांचे वर्णन मोठ्या उत्साहाने करतात. पण वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० च्या मानाने १२० ला तो सव्वादोनपट होतो. १९७४ मध्ये खनिज तेलाची टंचाई पडली तेव्हा अमेरिकेने साऱ्या देशाला ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची मर्यादा घातली होती, ती काही अपघातांच्या भीतीने नव्हे. तात्पर्य, कासवगतीत इंधन जाते आणि अतिवेगातही जाते. मधला, न थांबणारा, सारखा वेग सर्वांत काटकसरी.

मग गाड्यांची संख्याच कमी केली तर? स्वीडनमधील स्टॉकहोम शहराने हा प्रयोग केला. २००६ च्या जानेवारीपासून जुलैअखेरपर्यंत, केवळ परीक्षेदाखल, शहराच्या मध्यभागी येणाऱ्या मोटारींवर गर्दीच्या वेळी कर बसविला. रहदारी सुमारे एक-पंचमांशाने घटली. परीक्षा संपताच कर उठला आणि गाड्याही परतल्या. तेव्हा लोकांना फरक डोळ्यांनी दिसला. ऑगस्ट २००७ पासून कर कायम झाला. पुढे संशोधकांना असे आढळले की, शहरातील लहान मुलांना दम्याच्या तीव्र झटक्यांसाठी दवाखान्यात न्यावे लागण्याचे प्रमाण कराच्या काळात घटले, आणि ते एकदम नव्हे तर हळूहळू घटत गेले.

भद्रावतीत असा कर बसवा, असे आम्ही म्हणत नाही. लोक आम्हांस वेड्यात काढतील. परंतु संख्येला मर्यादा घालणे ही परदेशी कल्पना आहे असेही कोणी समजू नये. येथून जवळच ताडोबाचे जंगल आहे. मोहर्लीच्या फाटकातून एका फेरीला किती गाड्या आत सोडावयाच्या ते ठरलेले असते, आणि ती संख्या भरली की मुंबईहून आलेल्या पाहुण्यासही बाहेर थांबावे लागते. त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही; उलट नियम योग्यच आहे असे सर्व म्हणतात. वाघाच्या शांततेसाठी आपण जे मान्य करतो ते पहिलीतील मुलाच्या फुप्फुसांसाठी मान्य करणे जड का जावे?

यावर एक आक्षेप आम्ही स्टाफरूममध्येच ऐकला, आणि तो हलका नाही. एक सहकारी म्हणाले, "गुरुजी, दुर्गापुरास २९२० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र धडधडते आहे, चहूकडे उघड्या खाणी आहेत, आणि तुम्ही फाटकावरील चमचाभर पेट्रोलचा हिशेब मांडता?" गोष्ट खरी आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील ८८ औद्योगिक क्षेत्रांची मोजणी केली तीत चंद्रपूर ८३.८८ गुण मिळवून चौथे आले. (आयुष्यभर मुलांना अधिक गुण मिळवा म्हणून सांगणाऱ्या आम्हांस हे गुण पाहून काय वाटले असेल!) वीजकेंद्राच्या मानाने आमचे फाटक म्हणजे समुद्रातील थेंब. पण त्या केंद्राची चिमणी उंच आहे व ती दूर आहे. आमच्या गाडीचे धुराडे मुलाच्या तोंडासमोर आहे. आणि दुसरे असे की, चिमणीविषयी आम्ही अर्ज करू शकतो, बोलू शकतो, मत देऊ शकतो. पण ती बंद करण्याची कळ आमच्या हाती नाही. गाडीची किल्ली आहे. ईश्वराने ज्याला जेवढे सोपविले तेवढ्याचा हिशेब तो त्याच्यापाशी मागतो, असे आम्हांस लहानपणापासून शिकविले गेले. शेजाऱ्याच्या हिशेबाची चूक दाखवून आपली वही कोरी ठेवता येत नाही.

तेव्हा आमची प्रतिसूचना अशी आहे. पहिली ते चौथीचे वर्ग इतरांच्या आधी पंधरा मिनिटे सोडावेत. यासाठी एक घंटा अधिक वाजवावी लागेल, त्यापलीकडे खर्च नाही. मोटारींनी फाटकापाशी न येता मुख्य रस्त्याच्या अलीकडेच थांबावे आणि मुलांनी तेवढे अंतर, दोन शिक्षकांच्या देखरेखीखाली, पायी चालावे. जी मुले दूरच्या खेड्यांतून येतात किंवा ज्यांच्या पायांस अधूपणा आहे त्यांच्या गाड्यांना अर्थातच फाटकापर्यंत यावे लागेल, आणि तशी वाट मोकळी राहणे हीच या व्यवस्थेतील पहिली गरज मानावी. उभ्या गाडीचे इंजिन बंद असावे, हा नियम मात्र सर्वांना सारखा, प्राचार्यांच्या गाडीलाही. नुसता फलक लावून भागेल असे आम्ही समजत नाही. दिल्लीत २०२० च्या ऑक्टोबरात लाल दिव्यापाशी इंजिन बंद करण्याची मोहीम निघाली तेव्हा चौकाचौकांत स्वयंसेवक उभे करावे लागले होते. येथे ते काम स्काउट व गाइडची मुले आनंदाने करतील, आणि वडील माणसाला मुलाने नम्रपणे सांगितलेले फारसे मोडवत नाही.

अर्थात आम्ही म्हणतो म्हणून हे खरे ठरत नाही. वर दिलेला ५२८ लिटरांचा आकडा 'समजा'वर उभा आहे. आमच्या फाटकावर तो याहून कमी भरेल किंवा अधिकही. म्हणून नववीच्या मुलांनी ते काम अंगावर घेतले आहे. नाताळच्या सुटीनंतरचे पहिले दोन आठवडे काहीही न बदलता, आणि पुढचे दोन आठवडे नवी घंटा लावून, फाटकापाशी येणाऱ्या प्रत्येक वाहनाची वेळ, ते किती मिनिटे उभे राहिले, व इंजिन चालू होते की बंद, हे लिहून घ्यावयाचे आहे. गाडी कोणाची आहे ते लिहावयाचे नाही, अशी सक्त ताकीद दिली आहे. दुसऱ्या पंधरवड्यात फरक दिसला नाही, तर पट्टीविषयीचे आमचे मत आम्ही पालकसभेत परत घेऊ. वही विज्ञानशाळेतील खिडकीजवळच्या कपाटात ठेवली आहे. ज्या पालकांना ती पाहावयाची असेल त्यांनी शनिवारी सकाळच्या शाळेनंतर यावे. आम्ही तेथेच असतो, आणि आमची फटफटी हल्ली मुख्य रस्त्यावरील चिंचेखाली उभी असते.